प्रकल्प नोंदी: कागल तालुका, सहा मुलं, एक रेकॉर्डर

12 जून

शिंप्यानं सहा बंड्या शिवून दिल्या. छातीवर खिसा, खिशाला दोन टिचबटणं. आधीच्या नमुन्याला चेन होती. मूल ती चेन वर-खाली करत बसायचं आणि पाऊण तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये चेनशिवाय काही ऐकू यायचं नाही. आता खिशात बोटाएवढा रेकॉर्डर बसतो आणि मूल पाच मिनिटांत त्याला विसरतं. मोठी माणसं मात्र विसरत नाहीत. पहिल्या दहा मिनिटांत सगळेजण आकाशवाणीवर बोलल्यासारखे बोलतात. ती दहा मिनिटं मोजायची नाहीत, असं ठरवलंय.

सहाही घरं कागल तालुक्यातली. मुलं दीड ते अडीच वर्षांची. नावं कुठंही लिहायची नाहीत, क-1 ते क-6. दर पंधरा दिवसांनी 45 मिनिटं, घरात जे नेहमी चालतं तेच चालू द्यायचं.

क-4च्या आजीला संमतिपत्र वाचून दाखवलं. "बोलनं भरून घेऊन काय करनार?" मी म्हटलं, मूल बोलायला कसं शिकतं ते बघायचंय. "त्यात काय बगायचं? आमी बोलतो, ती बोलती." आमच्या प्रस्तावात हेच पानभर लिहिलं आहे.

19 जून

शब्दयादीचा दिवस. पालकांना यादी वाचून दाखवायची, मूल कुठले शब्द बोलतं त्यावर खूण करायची. मॅकआर्थर-बेट्स यादीमुळे ही पद्धत जगभर गेली. तिचा पहिला नियम असा की यादीचं भाषांतर करायचं नाही, ती त्या त्या भाषेसाठी नव्यानं बेतायची. आमच्या हातात आलेली मराठी यादी मात्र सरळ भाषांतर होती. तिच्यात हातमोजे होते, बर्फावरची घसरगाडी होती. 'हातमोजे' म्हटल्यावर क-2च्या आईनं विचारलं, "दवाखान्यातले?"

दोन्ही खोडले. भाकरी, ऊस, म्हस, चूल, वडाप आणि आजीची मिसरी घातली. मिसरीवर सहापैकी तीन घरांत लगेच खूण झाली.

बाळबोली यादीत नव्हतीच. मंमं, भूर, जोजो, बाऊ, हम्मा, माऊ यांतलं काहीच नाही. हे 'खरे शब्द' नव्हेत असं कुणाला तरी वाटलं असावं. पण 1964 साली भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलींची तुलना केली, तेव्हा अरबी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी आणि स्पॅनिश यांच्या पंगतीला मराठी बसली होती. फर्ग्युसन यांचा मुद्दा असा की हे शब्द मुलं बनवत नाहीत. ते त्या समाजाच्या भाषेचाच भाग असतात आणि मोठ्यांकडून मुलांकडे येतात. 'भूर' हा शब्द कुठलंही बाळ आपण होऊन काढणार नाही.

डार्विनला मात्र उलट वाटलं होतं. आपल्या मुलाच्या नोंदी त्यानं 1877 साली छापल्या. त्यांत तो लिहितो की बरोबर एक वर्षाचा असताना मुलानं जेवणासाठी 'मम' हा शब्द स्वतः तयार केला. हे क-4च्या आजीला सांगितलं. ती म्हणाली, "तयार कशाला करंल? आयनं शिकिवलं आसंल." शताब्दीभराचा वाद एका वाक्यात. तिचंच बरोबर असेल असं नाही. दूध पिताना तोंड मिटलेलं असतं, त्या अवस्थेत निघू शकणारा आवाज 'म'च, म्हणून इतक्या भाषांत आई आणि अन्न या 'म'भोवती सापडतात, हे भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसनचं स्पष्टीकरण मला अजून पटतं.

3 जुलै

पहिली तीन रेकॉर्डिंगं उतरवली. एका मिनिटाच्या आवाजाला अर्धा तास. आजी बोलते, काकी बोलते, टीव्ही बोलतो, म्हस हंबरते, आणि मधेच मूल. ईलॅन या रेकॉर्डिंग उतरवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाची वेगळी ओळ करायची. क-6च्या घरात नऊ ओळी झाल्या, त्यातली एक कोंबड्यांची.

आता उद्गारांची सरासरी लांबी. रॉजर ब्राउननं 1973च्या पुस्तकात अ‍ॅडम, ईव्ह आणि सारा या तीन मुलांची वाढ शब्द न मोजता रूपिमं, म्हणजे शब्दांचे अर्थ असलेले लहानात लहान तुकडे, मोजून मांडली. इंग्रजीत ते त्या मानानं सोपं आहे. आमच्याकडे क-4 म्हणते:

मंमं खायचंय.

शब्द मोजले तर दोन. फोड केली तर मंमं, खा, यचं आणि शेवटचा 'य' म्हणजे 'आहे', एकूण चार. एका वाक्यामुळे मूल दोन वर्षांचं की तीन वर्षांचं वाटावं एवढा फरक. ब्राउनचीच एक युक्ती इथं उपयोगी पडते. मुलांच्या तोंडचे 'गॉना' (गोइंग टू) आणि 'वॉना' (वाँट टू) त्यानं एकेकच धरले, कारण त्यांचे तुकडे त्या मुलांच्या बोलण्यात सुटे दिसत नव्हते. म्हणून आमचा नियम असा: मुलानं 'जायचंय', 'खायचं न्हाई', 'खाल्लं' असं अदलूनबदलून वापरलेलं सापडलं तरच 'खायचंय' फोडायचं, नाहीतर ते एकच. क-4 फोडते. क-2 अजून नाही, त्याच्यासाठी 'खायचंय' ही भुकेची हाक आहे.

20 जुलै

बेंदूर होऊन गेला, मातीचे बैल अजून देवळीत आहेत. क-4नं एक खाली ओढला. रेकॉर्डिंगमधला तो तुकडा जसा आहे तसा:

बैल पडला. शिंग मोडलं. बैल मरला.
आजी: मेला न्हाई गं. आन हिकडं, चिकटिवतो.
दादा मोडलं.
आजी: दादानं? आन तू काय करत हुतीस?

पाच सेकंदांत केवढं काय आहे. मुलांचे पहिले भूतकाळ बहुधा असेच असतात. पडलं, सांडलं, फुटलं, संपलं, गेलं. काहीतरी घडून गेलंय आणि त्याचा निकाल डोळ्यांसमोर आहे. 'काल मी खेळलो' फार नंतर येतं. 'मरला' हे रूप तिनं कुणाकडून ऐकलेलं नाही, घरात सगळे 'मेला'च म्हणतात. पड-पडला, मोड-मोडलं, मग मर-मरला. ही चूक नियम सापडल्याची आहे. 'दादा मोडलं'मध्ये मात्र 'नं' खरंच गळलंय, आणि आजीनं ते न शिकवता परत दिलंय.

आणखी एक. आजी म्हणाली, "चिकटिवतो." पुढच्या महिन्यासाठी इथं खूण करून ठेवते.

28 जुलै

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांच्या धोका पातळीवर गेली. रस्ते बंद, भेटी रद्द. घरात बसून जुनं ऐकणं चालू आहे.

हार्ट आणि रिस्ली यांचं 1995चं काम पुन्हा वाचलं. कॅन्ससमधली 42 कुटुंबं, दर महिन्याला एक तास, अडीच वर्षं. त्यातून गरीब घरातली मुलं सुखवस्तू घरातल्यांपेक्षा फार कमी शब्द ऐकतात, अशी 'तीन कोटी शब्दांची दरी' निघाली आणि ती गरीब आईबापांच्या डोक्यावर बसली. पुढं 2018 साली स्पेरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मुलाच्या आसपास चाललेलं बोलणंही धरलं तर चित्र बरंच बदलतं. क-6च्या घरातल्या नऊ ओळी हे वाचायला बसल्या असत्या तर हसल्या असत्या. त्या मुलाशी थेट बोललेलं थोडंच सापडतं, पण त्याच्या डोक्यावरून दिवसभर बोलणं वाहतं आणि त्यातलं ते उचलतं. परवाच त्यानं ऊसबिलावरून चुलत्याची अख्खी शिवी जशीच्या तशी म्हटली.

क-5चं ऐकताना एक खटकलं. सव्वादोन वर्षांचा मुलगा, 45 मिनिटांत त्याची ओळ जवळजवळ कोरी. आई पुष्कळ बोलते. तो हात धरून ओढतो, बोट दाखवतो, हसतो. "ह्येचा बापबी उशिरानंच बोलला," असं घरचे म्हणतात. असंही असतं. बघू.

9 ऑगस्ट

भांडण. चांगलं भांडण.

उतरवलेल्या मजकुरातल्या चुका सहयोगी संस्थेच्या तक्त्यात लाल खुणेनं दाखवायचं काम दोघांकडे असतं, वेगवेगळं. पुण्याची सहकारी आणि गारगोटीचा मुलगा. क-4च्या पानावर दोघांचं काही केल्या जुळेना. 'मी आलो', 'मी बसतो', 'मी जेवालोय'. तिनं सात ठिकाणी लाल खूण केली होती: मुलगी आहे, लिंग चुकलं. त्यानं एकही खूण केली नव्हती. तिनं विचारलं, "ही मुलगी मुलासारखं बोलतेय, तुला दिसलं नाही?" तो म्हणाला, "माझी आई असंच बोलते."

मग मी 20 जुलैची खूण काढली. आजी: "चिकटिवतो." तीच आजी: "बसा, च्या टाकतो." काकी: "मी आलो हं शेतातनं." कोल्हापूर भागातल्या बायका असंच बोलतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कोण नाही ओळखत ते 'मी येतो'? ठाऊक असूनही तक्ता भरताना हात पुणेरी मराठीच चालवत होता. मी स्वतः तपासलेल्या क-1च्या पानावरही अशा दोन लाल खुणा निघाल्या. ती पण मुलगीच.

10 ऑगस्ट

रात्रभर डोक्यात होतं. नुसतं 'बोलीत चालतं' म्हणून सोडायचं नाही. क-4ला लिंग कळतं की सगळीकडे एकच रूप फेकते, हे तपासायला हवं. तिची सगळी भूतकाळी वाक्यं वेगळी काढली:

आय आली. चिमनी उडाली. म्हस पळाली. दादा गेला. शिंग मोडलं.
मी आलो. मी पडलो. मी बसलो.

तृतीय पुरुषात स्त्रीलिंग, पुल्लिंग, नपुंसकलिंग तिन्ही जागच्या जागी. एकरूप फक्त 'मी'पाशी, आणि ते तसंच्या तसं आजीचं. म्हणजे या मुलीनं दोन नियम उचललेत: दुसऱ्याबद्दल बोलताना लिंग बघ, स्वतःबद्दल बोलताना बघायची गरज नाही. पावणेतीन वर्षांचीही नाही अजून. आम्ही सात वेळा तिला नापास केलं होतं.

'पानी'चंही तेच. तक्त्यात 'ण ऐवजी न' हा उच्चारदोष. या घरात 'पाणी' म्हणणारं माणूस मी एकटी. 'येळ', 'इस्तू', 'इहीर' हे सगळे उद्गार एकदम लाल खान्यातून बाहेर आले. याउलट तिचं 'लस्सी' (रस्सी) आणि 'तुटं' (कुटं) तसंच राहिलं, कारण ते घरात कुणीच म्हणत नाही. हे बोबडं आहे आणि वयाप्रमाणे जाईल.

वर्कर आणि टीस यांचा 1984चा प्रयोग आठवला. हिंदीतल्या 'त' आणि 'ट'मधला फरक इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना ऐकू येतो, 10 ते 12 महिन्यांपर्यंत जवळजवळ जातो. कान घराचे होतात. तक्ता करणाऱ्याचे कानही कुठल्या तरी घराचेच.

21 ऑगस्ट

क-5. भांडी घासायच्या चौकात आईनं पाठीमागून हाक मारली, तो मातीत खेळत राहिला. दुसऱ्यांदा मारली, नाही. तिसऱ्यांदा ती पुढं येऊन बोलली तेव्हा हसून हात वर केले. शब्दयादीत त्याचे पंधराच्या आत शब्द. दोन वर्षांचं मूल पन्नासच्या आत असेल आणि दोन शब्द जोडत नसेल, तर त्याच्याकडे नीट बघावं, असा सर्वसाधारण संकेत आहे.

आमच्या तक्त्यात मात्र क-5 हिरवा. सहा जणांत सगळ्यात हिरवा. तो बोलतच नाही, त्यामुळे चुका नाहीत. क-4 भरभरून बोलते म्हणून लाल.

हे लिहून पाच मिनिटं नुसती बसून होते.

आईला विचारलं, सर्दी होते का? "सदाच. नाक वाहतंच असतंय." अंगणवाडी सेविकेशी बोलले. तिनं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाचा दिवस सांगितला. हा कार्यक्रम 2013पासून आहे आणि त्याच्या यादीत ऐकण्यातला दोष आणि भाषेतला उशीर दोन्ही येतात. घरातल्यांचं एकच म्हणणं, "त्येला ऐकाय येतंय. डेक लावला की नाचतोय." नाचत असेल. मोठा आवाज आणि जमिनीचा हादरा पोहोचत असतील, 'स' आणि 'त' पोहोचत नसतील.

4 सप्टेंबर

हलकाफुलका दिवस. जीन बर्को यांनी 1958 साली एक काल्पनिक प्राणी काढून मुलांना त्याच्या नावाचं अनेकवचन करायला लावलं होतं. न ऐकलेल्या शब्दाला मूल प्रत्यय लावतं की नाही ते त्यातून दिसतं. आमची मुलं त्याला लहान आहेत, म्हणून क-1च्या पाच वर्षांच्या बहिणीवर केलं. मी चित्र काढलं, मिशा असलेला बटाटा.

"हा एक टोंबा. आता हितं दोन?"
"टोंबे."
"ही झिपडी. आणि ह्या दोन?"
"झिपड्या."
"हे लुमकं?"
"लुमकी. मावशी, असलं काय नसतंय."

तीन लिंगं, तीन अनेकवचनं, आणि वर प्रयोगाच्या पायावरच बोट.

12 सप्टेंबर

सहयोगी संस्थेशी ऑनलाइन बैठक. तक्ता त्यांचा. मी क-4ची वाक्यं दाखवली. एकानं विचारलं, "मग प्रमाण मराठीची कसोटी सोडायची का?" दुसऱ्यानं, "प्रत्येक तालुक्याला वेगळा तक्ता करायचा का?" पहिला प्रश्न मला चिडवणारा वाटला, दुसरा खरा होता. तालुक्याला तक्ता शक्य नाही. पण प्रत्येक घराच्या रेकॉर्डिंगमध्ये मोठ्यांच्या ओळी आधीच आहेत. मुलाचं रूप 'चूक' ठरवण्याआधी तेच रूप घरातल्या मोठ्यांच्या तोंडी आहे का ते बघायचं. असेल तर खूण नाही. ईलॅनमध्ये शोध घ्यायला अर्धा दिवस जातो, बस.

शाळेत गेल्यावर ही मुलं 'मी आले' शिकतील. शिकूदेत. ती नंतर जोडलेली दुसरी बोली असेल, पहिलीची दुरुस्ती नव्हे. हे बैठकीत बोलायचं राहिलं. आवाज मध्येच तुटत होता.

दुसरी सुधारणा न वाद घालता मान्य झाली: चुकांच्या खान्याआधी 'एकूण उद्गार' आणि 'वेगवेगळे शब्द' हे दोन खाने. क-5सारखं मूल हिरव्यात लपायला नको.

26 सप्टेंबर

क-4कडे. निघताना चप्पल घालत मी म्हटलं, "मी येते हं."

ती दारात उभी. माझ्याकडे बघून, अगदी हळू: "येतो."

मला वाटलं पुन्हा या म्हणतेय. मी म्हटलं, "हो, येते."

"येते न्हाई. येतो म्हन."

आजी आतून हसली, "आवं, ती पुन्याकडच्या हाईत. त्या तसंच म्हनत्यात." मुलीला हे पटलेलं दिसलं नाही. रेकॉर्डर खिशात चालूच होता, त्यामुळे हे तिच्या आवाजात आहे. शास्त्र म्हणून एका उदाहरणाचं वजन फार नाही. निरोपाचं ठरावीक वाक्य म्हणूनही ते तिला तसं पाठ असेल. पुण्याच्या सहकारीला मी तो तुकडा पाठवला. तिचं उत्तर आलं: "मी लाल खुणा काढतो."

8 ऑक्टोबर

क-5च्या कानाची तपासणी झाली. दोन्ही पडद्यांमागे पाणी. टिम्पॅनोमेट्रीचा आलेख दोन्ही बाजूंना सपाट, म्हणजे पडदा हलत नाही. आतला कान ठीक वाटतो. सर्दीनंतर असं पुष्कळ मुलांत होतं आणि बऱ्याचदा आपोआप जातं, म्हणून साधारण तीन महिने थांबून पुन्हा बघतात. तसंच सांगितलंय. तोवर समोर येऊन, चेहरा दाखवून, जवळून बोलायचं. टीव्ही बंद.

आईनं विचारलं, "मी कमी बोलतो म्हनून तर न्हाई न्हवं?" तिला तिची ओळ दाखवली. स्क्रीनवर ती सलग भरलेली होती. तिनं बराच वेळ बघितली.

20 नोव्हेंबर

ऊसतोड सुरू झाली. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, वर मोठ्यानं लावलेले डेक. आजचं क-5चं रेकॉर्डिंग त्यामुळे अर्धं वाया. मधल्या शांत भागात दोन नवे शब्द: 'आन' आणि 'उस्स'. पहिला खात्रीचा, तीन वेळा, हात पुढं करून. दुसरा ऊस की नुसता फुंकर, यावर आम्हा तिघांचं एकमत नाही. प्रश्नचिन्ह लावून ठेवला.

एकोणतिसाव्या मिनिटाला ट्रॅक्टर गल्लीत वळायच्या आधीच तो उठून दाराकडे पळाला. आवाजानं की जमीन थरथरल्यानं, टेपवरून सांगता येत नाही. फेरतपासणी जानेवारीत.

पुढची भेट 4 डिसेंबर. क-1 आणि क-4ला बंड्या काखेत घट्ट होताहेत, शिंप्याकडे एक नंबर मोठ्या टाकल्या.